कुस्ती सोडली म्हटल्यावर पिक्चर लावावा

पारनेर
२४ नोव्हेंबर २०२५

विषय : आमच्या सूनबाईंच्या आवाजात गावोगाव पसरलेल्या आक्षेपार्ह मजकुराबाबत.

व्याहीबुवा आसारामजी यांस,

नमस्कार घ्यावा. रामराम तूर्त माझ्याकडे राखून ठेवला आहे. समाधानकारक खुलासा आला, तर पुढच्या टपालाने पाठवीन.

पत्र पाहून दचकू नका. दिवाळीत फोनवर आपलं जे वाजलं, त्यानंतर तुमच्याशी काय ते लेखीच बोलायचं असं मी ठरवलं आहे. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभा जन्म गेला. तोंडी बोलण्याचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. शिवाय फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.

आधी पार्श्वभूमी नमूद करतो. तुमची कन्या अश्विनी गेल्या वैशाखात आमच्या ओमची बायको होऊन पारनेरला आली. पहिल्या दिवाळसणाला ती तिसगावला गेली. ओमही पाडव्याला आला, जेवला, आणि कांद्याच्या रोपाला पाणी द्यायचं होतं म्हणून मी फोन करताच शहाण्यासारखा माघारी फिरला. सूनबाई तेव्हाच त्याच्या गाडीवर बसल्या असत्या, तर प्रश्नच नव्हता. त्या बसल्या नाहीत. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न लागलं, तरी त्यांचा पत्ता नाही. तुम्ही म्हणता, न्यायला या. मी म्हणतो, आपण होऊन राहिली आहे, तर तुम्हीच आणून घाला. इथवर ठीक होतं. असे वाद चार घरांत चालतात.

आता मूळ मुद्दा. परवा शेजारच्या बनुबाई मोबाईल नाचवत आल्या. म्हणाल्या, "तुमची सून आन व्याही लई फेमस झाल्यात की!" तेव्हा कळलं, की तुम्ही बापलेकींनी 'मैनाची पाठवणी' या पिक्चरवर आपली बडबड रेकॉर्ड करून इंटरनेटवर चढवली आहे. टीव्हीवर पिक्चर लावायचा, मोबाईलवर तुमची बडबड लावायची, आणि दोन्ही एकदम ऐकायचं. हा पिक्चर लोकांनी डोळे पुसत पुसत पाठ केलेला आहे. त्यावर आणखी बोलायचं काय राहिलं, हा प्रश्न मी सोडून देतो.

आम्ही तो लावला. समोर मी, ओम, त्याची आई चांगुणा आणि बनुबाई. पिक्चरमध्ये मैनाचा सासरा पहिल्यांदाच ओट्यावर येतो. तोच तो भरघोस मिशांचा, ज्याच्यासारखा मी दिसतो असं लग्नात तुमच्याच मंडळींनी म्हटलं होतं. आणि बरोब्बर त्याच वेळी सूनबाई म्हणतात, "आला बघा दावं तोडून! ह्याचं आपलं दिवसभर चालूच. ह्याच्यापायी घरात दुसऱ्या कुनाला तोंड उघडायची सोय न्हाई." त्यावर तुम्ही, व्याही असून, खो खो हसता आणि म्हणता, "ह्याला जत्रेलाच कापायला पायजे हुता."

बनुबाई तोंडात पदर घालून हसत होत्या. आणखी दोन-चार सीन सोसून मी टीव्ही बंद केला.

सदर मजकूर ताबडतोब काढून टाकावा आणि माफी मागावी. अन्यथा संक्रांतीनंतर वकिलामार्फत फारकतीचा कागद येईल. चांगुणाने सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी काळी साडी आणून ठेवली आहे, हलव्याचे दागिने करायला सांगितले आहेत. ते कुणाच्या अंगावर घालायचे, हे आता तुमच्या उत्तरावर आहे.

लोभाचं वाक्य तुमचं उत्तर पाहून भरीन.

सहादेव

---

तिसगाव
२९ नोव्हेंबर २०२५

सन्माननीय, आदरणीय, पारनेर नगरीची शान, आमचे व्याही सहादेवराव यांना तिसगावच्या आखाड्यातून आसारामचा वाकून रामराम! मी माझा राखून ठेवत नाही. माझ्याकडं भरपूर आहेत.

व्याही, तो बोकड होता.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग पिक्चर लावून खात्री केली. पाहुणे बसलेले असताना एक बोकड दावं तोडून ओट्यावर चढतो आणि कुणाला बोलू देत नाही. अश्विनी बोलली ती त्याला. जत्रेला कापायचं मी म्हटलं तेही त्यालाच. तुमच्या मिशांची शपथ.

चूक कुठं झाली ते सांगतो. तुम्ही आमचं रेकॉर्डिंग लावलं आणि त्याच दमात पिक्चरही लावला. तसं करायचं नसतं. मी यात्रेतल्या कुस्त्यांचा निवेदक. तीन तालुक्यांत असा आखाडा नाही जिथं माझा आवाज घुमला नाही. उपस्थितांच्या स्वागताशिवाय कार्यक्रम सुरू करायचा नाही, हे आमच्या कामातलं पहिलं शास्त्र. आमच्या गावची निम्मी माणसं ऊसतोडीला गेलीत. दिवसभर कोयता चालवून पाचटाच्या कोपीत टेकली, की ती हेच ऐकतात. त्यांची नावं घ्यायला नकोत? ती घेऊन झाली, की मी आखाड्यातल्यासारखी आरोळी देतो, "कुस्ती सोडली!" त्या आरोळीला पिक्चर लावायचा. तुम्ही स्वागताच्या आधीच लावलात. त्यामुळं आमचं प्रत्येक बोलणं मागं राहिलं आणि पुढच्या सीनवर जाऊन पडलं. बोकडाचं होतं ते सासऱ्यावर गेलं.

आता हे उद्योग कशाला, असं तुम्ही विचाराल. व्याही, दिवाळीनंतर माझी पोर घरात मुकी झाली होती. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. एका दुपारी टीव्हीवर हा पिक्चर लागला आणि तिचं तोंड उघडलं, तेही बोकडावर. मी इतका हसलो की पोरीची आई दगडाबाई चूल सोडून बाहेर आली. म्हटलं, बोलू दे पोरीला. यात्रा चैत्रात, माईक तोवर पडूनच आहे.

ओमशी भांडण झालं का, असं मी तिला विचारलं होतं. म्हणाली, "भांडन व्हायला दोघांनी बोलावं लागतं, अण्णा. अप्पांनी धाडला म्हनून आलेला मला नको. त्यानं सोताच्या तोंडानं चल म्हनायचं." अप्पा म्हणजे तुम्ही, एवढं सोडून मला यातलं काही कळलं नाही. न्यायला येणाऱ्याला मान असतो, त्याच्या तोंडाला काय करायचंय?

एक हात जोडून सांगतो. तो फारकतीचा शब्द पुन्हा लिहू नका. दगडाबाई तो ऐकून पिठाचा हात तसाच डोळ्याला लावून रडली. बोकडापायी पोरीचा संसार मोडला, असं नको व्हायला.

तर मग, कुस्ती सोडली म्हटल्यावर पिक्चर लावा, आणि कळवा.

तुमचा, आणि समस्त तिसगावकरांचा,
आसाराम

---

पारनेर
५ डिसेंबर २०२५

विषय : बोकडाबाबतचा आक्षेप निकाली काढून नवीन आक्षेप दाखल करण्याबाबत.

व्याहीबुवा,

रामराम सोबत जोडला आहे.

तुमच्या सूचनेप्रमाणे फेरपाहणी केली. बोकडाचं बोलणं बोकडावर पडलं. सासरा ओट्यावर येतो तेव्हा सूनबाई काहीच बोलत नाहीत, फक्त एक सुस्कारा ऐकू येतो. सुस्काऱ्यावर कारवाई करता येत नाही.

बाकीची बोलणीही जागच्या जागी बसली. मागच्या खेपेला पोलीस पाटील चोराला दरडावतो, त्या सीनवर सूनबाई म्हणत होत्या, "बोल की रे. एवढं एक वाक्य बोल. मी दारात चपला घालून उभी हाय." मला तेव्हाच शंका आली होती, की चोराचा आणि हिच्या चपलांचा संबंध काय. आता ते वाक्य आधीच्या सीनवर आलं. सासरा भाकरी करपल्यावरून मैनाला बोलतो आहे आणि तिचा नवरा खांबाला टेकून खाली मान घालून उभा आहे, तिथे. ते चपखल बसतं. तो नट तिथे अगदी ठोंब्यासारखा उभा राहिला आहे.

नेमका त्याच वेळी ओम पाणी प्यायला म्हणून उठला, तो परत आलाच नाही. शेवटचा पूर, बैलगाडी, मैनाला न्यायला येणं, सगळं चुकवलं त्याने. त्याला पहिल्यापासून सिनेमाची आवडच नाही. कशाचीच नाही म्हणा ना. मुलगा गुणी आहे. मी बोलतो, तो ऐकतो. आमच्या घरात आजवर एकदाही वाद झालेला नाही.

आता नवीन आक्षेप. तुमचं स्वागत या खेपेला शेवटपर्यंत ऐकलं. त्यात तुम्ही फडावरच्या बिभीषण मुकादमाचं नाव घेतलंत. त्याच्या टोळीचं घेतलंत. त्याच्या दोन्ही बैलांची नावं घेतलीत, त्यांतल्या एकाला 'आखाड्याचा ढाण्या वाघ' म्हणालात. पीठगिरणीवाल्या कडूबाईंचं नाव आहे. पारनेरचे सहादेवराव कुठेच नाहीत. मुलीचा सासरा या नात्याने माझं नाव पहिलं यावं असा माझा हट्ट नाही. पण ते बैलांच्या आधी यायला हवं होतं.

मी दोन दिवस जेवलो नाही असं चांगुणा म्हणते. ते खरं नाही. एक वेळ जेवत होतो.

हे दुरुस्त झाल्याखेरीज न्यायला येण्याचा विषय माझ्यासमोर काढू नये.

सहादेव

---

तिसगाव
१६ डिसेंबर २०२५

पारनेरचे माजी अव्वल कारकून, कायद्याचे गाढे जाणकार, शब्दाला जागणारे, आमच्या लेकीचे सासरे, श्रीमान सहादेवराव!

व्याही, आता हे असंच्या असं स्वागतात घातलंय. नवं रेकॉर्डिंग चढवलं. पहिलं नाव तुमचं. बैल शेवटी गेले. बिभीषणाचा फडावरून फोन आला, बैलांचं काय चुकलं म्हणून. त्याला म्हटलं, बाबा, हे सोयरिकीचं काम आहे, तुला नाही कळायचं.

तुमचं नाव राहिलं याचं मला खरंच वाईट वाटलं. मी मुद्दाम केलं नव्हतं. घरचा माणूस म्हणून राहून गेलं.

नवं रेकॉर्डिंग करताना मी अश्विनीला म्हटलं, शेवटच्या भागात तू तोंडच उघडत नाहीस, तिथं दोन शब्द टाक. मैना माहेरी जाते तिथपासून नवरा पुरातनं बैलगाडी घालून येतो तिथवर पोरगी गप्प. आखाड्यात निवेदक एवढा वेळ गप्प बसला, तर लोकांना वाटेल लाईट गेली. ती म्हणाली, "ती जागा सोडलीया, अण्णा." मी म्हटलं, कुणासाठी? म्हणाली, "ज्याला बोलायचं आसंल त्याच्यासाठी." आता असं कुठं असतं का?

पण खरंच कुणीतरी बोललंय! याच पिक्चरवर दुसरं एक रेकॉर्डिंग आलंय. नाव नाही, गाव नाही, पुरुषाचा आवाज. सुरुवातीला ना स्वागत ना काही, हळूच म्हणतो, "कुस्ती सोडली." माझी आरोळी चोरली, आणि तीही कुजबुजत! मी या क्षेत्रातला जुना माणूस आहे. पैलवान शड्डू ठोकतो त्यावरनं तो कुठल्या तालमीचा ते मी सांगतो. म्हणून सांगतो, या निवेदकात दम नाही. मोकळ्या जागाच जागा. पाच-पाच मिनिटं खोकण्यापलीकडं काही नाही. मग एकदम म्हणतो, "बोलतोय. जरा दम धर. लई दिवस तोंड उघडलं न्हाई, गंज चढलाय." हे कुणाला? रसिक मायबापांना कुणी एकेरी बोलतं का?

अश्विनीला मात्र ते भारी आवडलंय. एका मोबाईलवर स्वतःचं लावते, दुसऱ्यावर त्याचं, समोर पिक्चर. मी म्हटलं, दोघं एकदम बोलले तर कळतं काय? म्हणाली, "एकदम न्हाईत बोलत. एक बोलतो तवा दुसरा थांबतो." परवा तर ती मोठ्यानं हसली. दिवाळीपासून पहिल्यांदा. त्या गड्याचं निवेदन कच्चं असलं, तरी तेवढ्यासाठी मी त्याला दुवा देतो.

तुम्ही पण ऐका आणि तुमचं मत कळवा. आणि व्याही, संक्रांत जवळ येतीय. गावात लोक मला विचारत नाहीत, पण दगडाबाईला पाणवठ्यावर विचारतात. एक पाऊल तुम्ही टाका. तुमचं नाव आता पहिलं आहे.

आसाराम

---

पारनेर
२६ डिसेंबर २०२५

विषय : (१) अनोळखी इसमाच्या रेकॉर्डिंगवरील अभिप्राय. (२) सूनबाईंना नेण्याबाबतच्या अटी.

प्रिय व्याही,

हा 'प्रिय' तुमच्या नव्या स्वागताबद्दल आहे. बनुबाईंना मी ते तीनदा ऐकवलं. 'कायद्याचे गाढे जाणकार' या ठिकाणी आवाज जो उंच नेला आहे, तो फार छान.

आता अभिप्राय. सदर इसमाचं रेकॉर्डिंग मी लक्ष देऊन ऐकलं. तुमच्याशी मी सहमत आहे. मुलगा कुठल्यातरी आडबाजूच्या खेड्यातला असावा. बोलायची सवय नाही. पिक्चर संपायच्या आधीच "येतो. संक्रांतीच्या आत. इचारून न्हाई आन सांगून न्हाई," असं म्हणून शेवट फोडून टाकतो, हा रसभंग आहे. शिवाय पिक्चरमध्ये संक्रांतीचा कुठेही उल्लेख नाही.

पण मला खरा राग आला तो त्या मुलाचा नाही. तुम्ही नीट ऐकलंत का? तो जरा बोलू लागला की मागून एक म्हातारा ओरडतो. "आरं ए! मोटार बंद केली का? एकटाच काय बरळतोय तितं?" मुलगा बिचारा "व्हय, केली" म्हणतो आणि गप्प होतो. पुढे दहा मिनिटं शब्द नाही. मग पुन्हा बोलायला लागला, की पुन्हा म्हातारा. आवाज तर असा, की पत्र्यावर दगड घासावा. मला त्या मुलाची दया आली. असा उर्मट बाप ज्याच्या डोक्यावर आहे, तो काय बोलणार आणि काय संसार करणार? चांगुणाला मी हे म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिलाही वाईट वाटलं असणार.

ओमला विचारलं, हा कोण असावा. म्हणाला, "कोन जाने." त्याला या गोष्टींत गोडी नाही. हल्ली तो संध्याकाळी कांद्याच्या रिकाम्या चाळीतच जाऊन बसतो. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर तिथेच भिंतीला आहे, त्यामुळे मीही काही म्हणत नाही. कामाकडे लक्ष आहे पोराचं.

आता अटी. मी एक पाऊल टाकायला तयार आहे. रविवार, ११ जानेवारी रोजी आम्ही न्यायला येऊ. सोबत भावकीतले जाणते लोक असतील. वेशीवर कुणीतरी सामोरं यावं. दारात पाय धुवायला पाणी, मग टोपी-उपरणं. माईकवर स्वागत व्हावं, त्यात हुद्दा पूर्ण घ्यावा. त्यानंतर मी दोन शब्द बोलेन. ओमला बोलायला लावू नये, तो बुजतो.

तुमचा,
सहादेव

---

तिसगाव
१ जानेवारी २०२६

व्याही सहादेवराव,

सगळ्या अटी मान्य! वेशीवर मी स्वतः उभा राहीन. हलगीवाला सांगितला. फेट्याचं कापड आणलं, तुम्हाला गुलाबी की केशरी ते तेवढं कळवा. तुमच्या दोन शब्दांसाठी वेगळा माईक ठेवतो, म्हणजे माझी लुडबुड नको.

दगडाबाईनं देवापुढं साखर ठेवली. अश्विनीला सांगितलं, बाई, सुटलीस, रविवारी अकरा तारखेला मानानं नेणार आहेत तुला. ती म्हणाली, "रविवारी मी न्हाई जायची, अण्णा. त्याच्या आत जाईन." मी म्हटलं, एकटीच? तर नुसती हसली. पोरींचं काही कळत नाही.

त्या भसाड्या म्हाताऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते लाख बोललात. मीही पुन्हा ऐकलं. अशी माणसं असतात.

आसाराम

---

तिसगाव
९ जानेवारी २०२६

व्याही,

आज सगळी विशेषणं बाजूला ठेवतो. हे पत्र पोचेपर्यंत दोघं तुमच्या घरी पोचलेली असतील, चार वेळा जेवून झालेली असतील. तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

सकाळी मी ओट्यावर माईकच्या वायरी सोडवत बसलो होतो, रविवारच्या तयारीला. दाराकडं पाठ होती. मागून आवाज आला, "मामा, मी अश्विनीला न्यायला आलोय. मला कुनी धाडलं न्हाई."

आवाज ओळखीचा. मी न वळताच म्हटलं, "या या! तुमचं रेकॉर्डिंग ऐकलंय आम्ही. पण श्रोत्यांना एकेरी बोलत जाऊ नका." आणि वळून बघतो तर जावई.

व्याही, मी पैलवानाचा शड्डू ओळखणारा माणूस. महिनाभर स्वतःच्या जावयाचा आवाज रोज घरात ऐकत होतो आणि त्याला दम नाही म्हणत होतो. ओळखणार कसा? लग्नापासून तो माझ्यापुढं 'व्हय' सोडून काही बोललाच नव्हता. पाडव्याला ताटावर बसला तेव्हासुद्धा तुमचा फोन चालू होता.

अश्विनी आतून आली ती चपला पायात घालूनच. पिशवी भरलेली. कधी भरली, आम्हाला पत्ता नाही. ओम म्हणाला, "चल." ती म्हणाली, "अजून एकदा म्हन." त्यानं म्हटलं. दगडाबाईनं घाईघाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मी, ज्याच्या हातात माईक दिला तर सूर्य मावळेपर्यंत थांबत नाही, तो मी, वायरी हातात घेऊन उभा राहिलो. रडलो म्हणा ना. पोर गाडीवर बसताना माझ्याकडं बघून म्हणाली, "अण्णा, बोला की काहीतरी." मी नुसता हात हलवला.

तुमचं उपरणं घडीतच आहे. हलगीवाला रविवारी येणारच, त्याला नाही म्हणता येत नाही. तुम्ही या. मानानं नेण्यासारखं इथं आता काही उरलं नाही, पण जेवण आहे.

आता राहिला तो मागून ओरडणारा म्हातारा. तुमचं पत्र मी आज पुन्हा काढून वाचलं. कांद्याची चाळ, स्टार्टर, मोटार. तसा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकलाय, दिवाळीत, फोनवर. पुढं मी लिहीत नाही. दोन मोबाईल घ्या, एकावर पोरीचं लावा, एकावर पोराचं. दोन्हींत 'कुस्ती सोडली' एकदम येईल असं जुळवा, त्यानंतरच पिक्चर लावा. आणि चांगुणाबाईंना शेजारी बसवा.

आसाराम

---

पारनेर
१६ जानेवारी २०२६

व्याही,

या पत्राला विषय नाही.

रविवारी आलो नाही याची माफी असावी. भावकीतले जाणते लोक तयार होऊन बसले होते. त्यांना काय सांगावं ते मला सुचेना, म्हणून चहा पाजून घरी पाठवलं. हलगीवाल्याचं काय केलंत?

संक्रांत झाली. अश्विनीने काळी साडी नेसली, हलव्याचे दागिने घातले. फोटोत ती हसते आहे आणि ओम तिला काहीतरी सांगतो आहे. फोटो काढणाऱ्या बनुबाई ओरडत होत्या, "आरं गप ऱ्हा की जरा!" ओमला असं कुणी म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

तुम्ही सांगितलं तसं दोन मोबाईल लावून बसलो. चांगुणा शेजारी. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. व्याही, ती दोघं त्या पिक्चरवर बोलतच नाहीयेत हो. ती विचारते, तो थांबून थांबून उत्तर देतो. भाकरीच्या सीनला ती बोल म्हणते आणि तो बोलतोय म्हणतो. आणि तेवढ्यात म्हातारा ओरडतो.

मी चांगुणाला विचारलं, हा कोण?

"तुमीच की."

मी म्हटलं, माझा आवाज असा नाही.

"तुमाला तो तुमच्या घशातनं ऐकू येतो. आमाला भायेरनं येतो."

मग आजवर सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "सांगाया गेले की मोटार मधी यायची."

त्या रेकॉर्डिंगमध्ये मी सात ठिकाणी ओरडलो आहे. एका ठिकाणी ओम तिला म्हणतो, "बघ. हे आसं हाय. तरी येशील?" तिथे पोरीने जागा सोडलेली आहे, त्यामुळे तिचं उत्तर ऐकू येत नाही. पण आली ती. तिने घरात पाऊल टाकलं तेव्हा मी ओट्यावरच होतो. ती सुस्कारेल असं मला वाटलं होतं. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "अप्पा, तुमचा आवाज रेकॉर्डिंगला लई खणखणीत येतो." ही थट्टा होती की कौतुक, मी अजून ठरवलेलं नाही. संक्रांतीला चांगुणाने हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "गोड राहू द्या, जरा कमी बोला." ती मात्र थट्टा नव्हती.

आता हे पत्र ज्या कारणासाठी तातडीने लिहायला घेतलं, ते सांगतो.

या घडीला मी ओट्यावर बसलो आहे. दोघं कांद्याच्या चाळीत नवीन पिक्चरवर बोलणं रेकॉर्ड करताहेत. ओम बोलतो आहे. किती बोलतो हो तो! मला माहीत नव्हतं. मध्ये ती हसते, पुन्हा तो बोलतो. दाराला आतून कडी आहे आणि स्टार्टर आत आहे. मोटार मघापासून चालू आहे. हौद भरला. भरून वाहिला. आमच्या दुष्काळी पारनेरात पाण्याचं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पाणी गोठ्यातून फिरून आता ओट्याच्या पायरीला लागलं आहे आणि माझी एक चप्पल तरंगत चालली आहे.

दोनदा उठलो. तोंडापर्यंत आलं होतं. चांगुणा दारात उभी राहून बघते आहे. मी पुन्हा बसलो आणि हे लिहितो आहे.

रेकॉर्डिंग चालू असताना निवेदकाच्या मध्ये बोलायचं नसतं, एवढं मला कळलं. पण असं गप्प किती वेळ बसायचं असतं, याबद्दल तुमच्या शास्त्रात काही सांगितलेलं असेल, तर उलट टपाली कळवा. दुसरी चप्पलही गेली.

सहादेव